सरांना अतिरिक्त ठरवणाऱ्या ठरावावर मी सही करू का?

प्रश्न :

(सांगली जिल्ह्यातल्या विटा परिसरातून एका ताईंचं सविस्तर पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देत आहे.)

गावात पाचवी ते दहावीची एकच अनुदानित माध्यमिक शाळा आहे. गावाने श्रमदान करून उभी केलेली, एका शाळेची छोटी संस्था. पत्र लिहिणाऱ्या ताई याच शाळेत शिकल्या. आता त्या गावात शेती-औषधांचं दुकान चालवतात आणि दोन वर्षांपासून शाळा समितीवर आहेत. पट दरवर्षी घसरतो आहे. काही घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी केरळ-तामिळनाडूत गेली, काही मुलं पिवळ्या बसमधून विट्याच्या इंग्रजी शाळेत जातात. या वेळच्या संचमान्यतेत (पटावरून शाळेची पदं ठरवणाऱ्या शासनाच्या कागदात) शिक्षकांची दोन पदं कमी झाली. एक शिक्षक मे महिन्यात निवृत्त झाले, त्यांच्याबरोबर एक पद गेलं. दुसऱ्यासाठी कोणाला तरी अतिरिक्त, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्तीचं, ठरवावं लागणार आहे. गावाला गणित-विज्ञानाच्या तरुण मॅडम हव्या आहेत. म्हणजे मराठी-इतिहासाच्या सरांवर पाळी येते. सरांची निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत आणि ताईंना त्यांनीच शिकवलं आहे. अध्यक्ष म्हणतात, बैठकीत मत टाका आणि विषय संपवा. किंवा दुसरा मार्ग म्हणून, गलाईला गेलेल्या घरांतल्या मुलांची नावं पटावर घ्या, “मुलं आपल्याच गावची आहेत.” वेतनेतर (पगाराखेरीजच्या खर्चाचं) अनुदान वेळेवर येत नाही, वीजबिल थकलं आहे. त्यामुळे संस्थेच्या पैशातून मानधनावर असलेल्या संगणक शिक्षिका आणि शिपाईमामा यांना ऑगस्टपासून थांबवायचं घाटतं आहे. ताई विचारतात : सही करू का? सरांना आधी सांगू की नको? की राजीनामा देऊन मोकळी होऊ?

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्राची बहुतेक सगळी पानं सरांविषयी आहेत. त्यांनी वक्तृत्व स्पर्धेसाठी तुम्हाला सायकलवर डबल सीट विट्याला नेलं होतं, विनावेतन वर्षांत ते सुट्टीच्या दिवशी द्राक्षबागेत मजुरीला जायचे, हे तुम्ही फार मायेने लिहिलं आहे. संगणक शिकवणारी मुलगी आणि शिपाईमामा यांच्या वाट्याला मात्र दोनच ओळी आल्या आहेत, आणि त्यातली एक अशी : “त्या दोघांचं थांबवण्यावर समितीत फार वाद नाही.” मी वाचताना तिथे अडकलो. या सगळ्यात ज्यांच्या घरची चूल खरोखर विझू शकते ते हे दोघं आहेत. त्यांच्याकडे मी येणार आहेच. पण तुमची झोप सरांवरून उडाली आहे, म्हणून आधी त्यांचं बोलू.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी धरून चालल्या आहेत. कोण अतिरिक्त ठरणार हे शाळा समितीच्या मतावर आहे, ही पहिली. आणि अतिरिक्त ठरलं की नोकरी गेली, ही दुसरी.

पहिलीचं असं आहे. अनुदानित शाळेचा पगार शासन देतं, म्हणून पदं किती हेही शासन ठरवतं. ३० सप्टेंबरचा पट, आणि त्यातही ज्या मुलांचं आधार वैध ठरलं आहे ती मुलं, एवढी संख्या धरून संचमान्यता निघते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तिचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांना त्याची झळ जास्त लागली. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असा हिशोब आहे. पट अशा एखाद्या कडेवर उभा असला की एका-दोन मुलांवर पद राहतं किंवा जातं. तुमच्या समितीने त्यात काही केलेलं नाही, आणि तुमच्या सहीने ते पद परतही येणार नाही.

मुख्याध्यापकांकडून संचमान्यतेची प्रत मागून घ्या आणि स्वतः वाचा. मंजूर पदं, कार्यरत, रिक्त, अतिरिक्त असे रकाने त्यात असतात. पाचवीचं वेगळं, सहावी ते आठवीचं वेगळं, नववी-दहावीचं वेगळं. नेमकं कोणत्या गटात पद कमी झालं हे त्यातून कळतं. समितीवरची बरीच मंडळी हा कागद न बघताच “दोन मास्तर कमी झाले” एवढ्या बोलण्यावर माणसांची नावं घ्यायला लागतात. तुमच्या बैठकीत बहुधा हेच झालं असावं, कारण पत्रात दोन नावं आहेत पण गट कुठेच नाही.

आता त्या मतदानाविषयी. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. पट किंवा तुकड्या कमी झाल्यामुळे कायम कर्मचाऱ्याला कमी करायचं झालं तर काय करायचं, हे तिच्या २६ व्या नियमात लिहिलेलं आहे : तीन महिन्यांची नोटीस, शिक्षणाधिकाऱ्यांची आधी परवानगी, आणि साधारणपणे सेवाज्येष्ठता पाळायची. प्रत्यक्षात ज्येष्ठतेच्या जोडीला विषय आणि आरक्षणाचा प्रवर्गही पाहिले जातात. गावाला कोण आवडतं, दहावीचा निकाल कोणामुळे लागतो, कोणाची निवृत्ती जवळ आली आहे, यातलं काहीच त्यात बसत नाही. समितीने हात वर करून सरांचं नाव ठरवलं आणि ते ज्येष्ठतेला सोडून निघालं, तर सर शाळा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात, आणि तिथे उत्तर द्यायला गाव येणार नाही, संस्था उभी राहील. त्याच पद्धतीने उद्या मॅडमचं नाव ठरवलं तरी हेच.

म्हणून बैठकीत दोन कागद टेबलावर मागा. पहिला, ज्येष्ठता यादी. ती सगळ्या कर्मचाऱ्यांना दाखवून त्यांच्या सह्या घ्यायच्या असतात, हरकती ऐकायच्या असतात, आणि वाद मिटला नाही तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. सरांची पहिली काही वर्षं विनावेतन गेली असं तुम्ही लिहिता. त्या यादीत त्यांची कोणती तारीख धरली आहे, नेमणुकीची की मान्यतेची, हे बघा. सरांना ती तारीख मान्य आहे का, हे त्यांनाच विचारा. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नसेल, अशी मला शंका आहे. दुसरा कागद, विषयवार तासिकांचा तक्ता. गणित-विज्ञानाला मॅडम एकट्याच असतील आणि भाषा-सामाजिक शास्त्राला दोघं-तिघं असतील, तर चित्र वेगळं होतं. हे दोन कागद समोर आले की कोणाचं नाव निघतं ते आपोआप दिसेल. मग तुमच्या सहीचा अर्थ एवढाच उरेल की यादी खरी आहे आणि नियम पाळला आहे. ती सही करताना हात थरथरायचं कारण नाही. यादीत फिरवाफिरव दिसली तर मात्र सही करू नका.

दुसऱ्या समजाकडे येतो. मंजूर अनुदानित पदावरचा कायम शिक्षक अतिरिक्त ठरला म्हणून घरी बसत नाही, त्याचं समायोजन होतं. संस्थेची दुसरी शाळा असेल तर आधी तिथे, नाहीतर जिल्ह्यात रिक्त जागा असेल तिथे, तीही नसेल तर विभागात. तुमच्या संस्थेची एकच शाळा आहे, म्हणजे सरांना दुसऱ्या संस्थेत जावं लागेल. त्यांचा पगार आणि निवृत्तिवेतन यांची काळजी तुम्ही पत्रात केली आहे, ती बऱ्याच अंशी कमी करा.

पण त्यांना काहीच सोसावं लागणार नाही असं मी म्हणणार नाही. चोपन्नाव्या वर्षी जत किंवा शिराळ्याच्या एखाद्या शाळेत नव्या माणसांत जाऊन बसायचं, एसटी बदलत रोज ये-जा करायची किंवा खोली घेऊन राहायचं, आणि ज्या शाळेच्या भिंती आपण उभ्या राहताना पाहिल्या तिथून निरोप समारंभाशिवाय निघायचं, हे जड आहे. अतिरिक्त या शब्दाचा डागही माणसाला लागतो. नातेवाईक विचारतात, “तुम्हालाच का काढलं?” याचा बंदोबस्त शासन निर्णयात नसतो. तो समितीने करायचा असतो, आणि तुम्हाला खरोखर काही करता येण्यासारखं आहे ते इथे.

सरांना आधी सांगायचं का, असं विचारलंत. ताई, त्यांना माहीत आहे. संचमान्यता आली की शिक्षक खोलीत तो कागद सगळ्यांच्या आधी वाचला जातो. आपल्याला कोण सांगतं, आणि सांगणारा समोर बसून सांगतो की शिपायाच्या हाती पाकीट पाठवतो, एवढंच बघायचं त्यांचं राहिलं असेल. मुख्याध्यापकांना बरोबर घ्या आणि बैठकीच्या आधी त्यांच्या घरी जा. “सर, काहीतरी करू आम्ही” असा शब्द देऊ नका, तो तुम्हाला पाळता येणार नाही. कागदावर काय आहे ते सांगा, ज्येष्ठता यादीबद्दल त्यांची हरकत असेल तर ती लेखी द्यायला सांगा, आणि त्यांचं सेवापुस्तक कुठवर भरलेलं आहे ते विचारा. छोट्या संस्थांत सेवापुस्तकं हमखास मागे पडलेली असतात. वैयक्तिक मान्यतेचा आदेश, वरिष्ठ वेतनश्रेणीचे आदेश, रजेच्या नोंदी, वेतन निश्चितीची पडताळणी, यातलं काही राहिलं असेल तर ते सर जुन्या शाळेत असतानाच पुरं करून घ्यायला हवं. दुसऱ्या संस्थेत गेल्यावर एका सहीसाठी त्यांना चार-चार खेटे पडतील, आणि निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव नेमका त्या सहीवाचून अडेल. समितीने मुख्याध्यापकांना सांगून एवढं काम जरी वेळेत करवून घेतलं तरी सरांचं फार मोठं काम होईल.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते सांगतो. तुम्ही जाता जाता लिहिलंय, “आमच्या नऊ-दहा मुलांची आधार जुळत नाहीत म्हणे, म्हणून ती धरली नाहीत.” अहो, पदं ज्याच्यावर गेली असू शकतात ते हे वाक्य आहे! ती मुलं रोज वर्गात बसतात, हजेरीला “हजर” म्हणतात, पोषण आहाराच्या ओळीत उभी असतात, पण संचमान्यतेच्या हिशोबात नाहीत. तुमच्या भागात हे होण्याचं कारणही सहज दिसतं. गलाईवाल्या घरातला मुलगा आजी-आजोबांकडे शिकायला परत येतो. त्याचं आधार कोइमतूरला काढलेलं असतं, तिथल्या रीतीने वडिलांच्या नावाचं एक अक्षर आधी आणि मग मुलाचं नाव, आडनावाचा पत्ता नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरला मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पुरतं लिहिलेलं. दोन्ही जुळत नाहीत, पोर्टल त्याला अवैध म्हणतं. कोणाच्या जन्मतारखेत फरक असतो. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, ते नववी-दहावीतल्या मुलांचे राहिलेले असतात.

हे दुरुस्त करता येतं, आणि आत्ता जुलै आहे, ३० सप्टेंबर पुढे आहे. मुख्याध्यापकांकडून अवैध दिसणाऱ्या मुलांची नावानिशी यादी घ्या. प्रत्येकाच्या नावापुढे नेमकं काय चुकलंय ते लिहून घ्या : नाव, जन्मतारीख की ठसे. जन्मदाखला कोणाकडे आहे, कोणाकडे नाही, ते पालकांना फोन करून विचारा. गलाईवाले आई-वडील फोनवर लगेच सापडतात, कागदाचा फोटोही धाडतात. मग तालुक्याच्या आधार केंद्रावर एकेका मुलाला पाठवत बसण्यापेक्षा शाळेतच शिबिर लावता येतं का, यासाठी तहसील आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला पत्र द्या. गेल्या वेळच्या संचमान्यतेबाबत शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा लेखी प्रस्ताव पाठवा, सोबत हजेरीपत्रक आणि जनरल रजिस्टरचा उतारा जोडा. गेलेलं पद परत मिळेलच अशी खात्री मी देत नाही. पण पुढच्या वर्षी तिसरं पद याच कारणाने जाऊ नये, हे पुष्कळसं तुमच्या शाळेच्या हातात आहे.

आणि इथेच अध्यक्षांच्या दुसऱ्या मार्गाचं उत्तर आलं. आपल्याच शाळेत बसलेली खरी मुलं मोजून घ्यायची राहिली असताना केरळातल्या मुलांची नावं पटावर चढवायची, याला काय म्हणावं? ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली होती. त्या वेळी किती शाळांचे पट उघडे पडले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत कसं गेलं, हे तुमच्या समितीतल्या जुन्या माणसांना आठवत असेल. आता तर यू-डायस प्लस या केंद्राच्या पोर्टलवर देशभरातल्या शाळांची मुलं नोंदलेली असतात. जो मुलगा तिकडच्या शाळेत दिसतो तो इकडेही दिसला की सापडतो. खोट्या पटावर मुख्याध्यापकांची सही असते, आणि गुन्हा दाखल झाला तर पहिली मान त्यांचीच अडकते. हे बैठकीत स्पष्ट बोला.

अध्यक्षांनी तुम्हाला ऐकवलं की, कर्मवीर अण्णांनी उपाशी राहून शाळा काढल्या आणि तुम्ही चार नावं लिहायला घाबरता. सातारा-सांगलीच्या माणसाला हा दाखला दिला की तो गप्प बसतो, हे खरं आहे. पण अण्णांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या अंगावरचे दागिने मोडले. स्वतःचं दिलं, म्हणून आपण आज त्यांचं नाव घेतो. पटावर खोटं नाव लिहिणं हा त्यातला प्रकार नाही, आणि तुमच्या अध्यक्षांनी रागाच्या भरात बोललेलं हे वाक्य त्यांनाही शांतपणे पटणार नाही असं मला वाटतं. शाळेवर त्यांचा जीव आहे हे तुमच्या पत्रातूनच दिसतं. त्यांना आधारच्या यादीचं काम द्या. धावपळ करणाऱ्या माणसाला धावायला खरी वाट दिली की तो खोटीचं नाव काढत नाही.

आता त्या दोघांकडे येतो.

संगणक शिक्षिकेला महिन्याला ८,००० आणि मामांना ७,००० रुपये, असं तुम्ही लिहिलंय. दोघांचं मिळून १५,००० वाचतील. संस्थेच्या खात्यात खडखडाट असताना हा आकडा मोठा आहे, मला कळतं. तरी दोन गोष्टी बघा. तुमची मुलं पिवळ्या बसने विट्याला का जातात? “तिथे कॉम्प्युटर शिकवतात, इंग्रजी बोलायला लावतात”, हे उत्तर तुम्हीच पत्रात दिलंय. मग पालकांना दाखवण्यासारखं जे एक आपल्या शाळेत आहे तेच ऑगस्टमध्ये बंद केलं, तर पुढच्या जूनमध्ये आणखी चार दाखले जातील, आणि चार मुलांबरोबर कदाचित आणखी एक पद. आठ हजार वाचवायला गेलात तर तोटा पगाराच्या पदाचा होईल. त्यापेक्षा त्या मुलीला स्पष्ट विचारा की आठवड्यातले तीन दिवस आपल्याकडे आणि तीन दिवस शेजारच्या गावातल्या शाळेत जमेल का. ती शाळाही तुमच्यासारखीच ओढगस्तीत असणार. दोन शाळांनी मानधन वाटून घेतलं तर तिचं उत्पन्नही टिकतं. दोन मुख्याध्यापकांनी बसून वेळापत्रक जुळवलं की झालं.

मामांचं वेगळं आहे. जुने शिपाई निवृत्त झाल्यावर ते पद भरलं गेलं नाही. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांत शिपायाच्या पदाऐवजी ठोक भत्त्याची पद्धत आणली. तुमच्या शाळेला हा भत्ता लागू आहे का, प्रस्ताव गेला आहे का, गेला असेल तर कुठे अडला आहे, हे मुख्याध्यापकांना विचारा. मामांचं मानधन सगळंच संस्थेच्या खिशातून का जातंय, याचं उत्तर तिथे सापडू शकतं.

दुसरं, मामा अकरा वर्षं काम करताहेत. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या संस्थेत सलग पाच वर्षं काम केलेल्या माणसाला ग्रॅच्युइटी लागू होते, शाळाही त्यात येतात. दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. सात हजारांवर अकरा वर्षांचे साधारण ४४,००० रुपये होतात. “मानधन आहे, पगार नाही” असं म्हणून हा प्रश्न मिटत नाही. काम रोजचं होतं का, वेळ ठरलेली होती का, हे पाहिलं जातं. कामगार कायद्याच्या जाणकाराला एकदा कागद दाखवा. मामांना “ऑगस्टपासून येऊ नका” असं सांगण्याआधी त्यांचं देणं किती आहे हे समितीला माहीत हवं. कायद्याची भीती म्हणून मी हे सांगत नाहीये. शाळेची घंटा देणाऱ्या, पावसात वर्गातलं पाणी उपसणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं, आणि सरांसाठी तुमचा जीव जेवढा तुटतो तेवढाच तो मामांसाठीही तुटावा, असं मला मनापासून वाटतं. सरांच्या मागे नियम आहे, संघटना आहे, न्यायाधिकरण आहे. मामांच्या मागे समितीत बोलणारं एक माणूस असलं तर ते तुम्हीच असाल.

पैशाचं म्हणाल तर शिक्षकांच्या पगारातून दरमहा वर्गणी कापायची जी सूचना आली आहे ती बाजूला ठेवा. स्वेच्छा म्हणून सुरू होते आणि सक्ती होते, मग शिक्षकांच्या मनातून शाळाच उतरते. तुमच्या गावाकडे दुसरा मोठा आधार आहे. देशाच्या कुठल्या कुठल्या बाजारपेठांत सोनं-चांदी गाळणारी तुमची माणसं दिवाळीला आणि गावच्या यात्रेला परत येतात. त्यांच्यातले कितीतरी तुमच्याच शाळेचे विद्यार्थी आहेत. ते यात्रेला कमान देतात, मंदिराला कळस देतात. शाळेला देत नाहीत कारण शाळेने त्यांच्याकडे नीट मागितलेलं नसतं. “शाळेला मदत करा” म्हटलं की शंभराची पावती फाटते. “संगणक शिक्षिकेचं एका वर्षाचं मानधन”, “वीजबिल आणि एक इन्व्हर्टर”, असं नेमकं मागा, पावती संस्थेच्या नावाची द्या, जमाखर्च शाळेच्या फलकावर लावा. हिशोब उघडा दिसला की पुढच्या वर्षी न मागता पैसे येतात, असा माझा अनुभव आहे.

पटासाठी आणखी एक सुचवतो. आसपासच्या वाड्यांतल्या मुली सातवीनंतर गळतात का, बघा. एसटीचा मोफत पास मुलींना बारावीपर्यंत मिळतो, पण गाडी शाळेच्या वेळेला नसेल तर पासाचा उपयोग काय? पालकांच्या सह्यांचं पत्र घेऊन विट्याच्या आगारात जा. बाहेरून परत आलेल्या मुलांना दाखला नाही म्हणून थांबवू नका, आठवीपर्यंत तसं थांबवता येत नाही.

बैठकीत एक पथ्य पाळा. अजेंड्यावर कर्मचारी कपातीचा विषय लेखी आला पाहिजे. “अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय” या मथळ्याखाली चहा येईपर्यंत असे ठराव होतात, सूचक-अनुमोदकांची नावं नंतर भरली जातात, आणि पुढच्या बैठकीत “मागील इतिवृत्त वाचून कायम” म्हटलं की ते पक्के होतात. ऐनवेळी विषय आला तर तो पुढच्या बैठकीत घ्या, एवढं म्हणायचं धाडस करा. ठराव तुम्हाला मान्य नसेल तर नुसतं गप्प बसून उठू नका, तुमचं भिन्नमत कारणासह प्रोसिडिंग बुकात लिहायला लावा आणि लिहिलेलं वाचूनच सही करा.

आता राजीनाम्याचं. नियमाप्रमाणे नाव निघालं आणि ते सरांचं असलं, तर त्यासाठी राजीनामा देऊ नका. त्याने सरांचं पद वाचणार नाही, आणि तुमच्या जागी जे येतील ते आधारची यादी मागतील याची काय खात्री? पटावर खोटी नावं चढवण्याचा ठराव तुमच्या विरोधाला न जुमानता मंजूर झाला, किंवा ज्येष्ठता यादीत तारखा बदलल्या गेल्या, तर मात्र भिन्नमत नोंदवा, त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा आणि मग बाहेर पडा. तशी वेळ येईल असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही.

बैठक पुढच्या आठवड्यात आहे म्हणता. त्याआधी सरांच्या घरी जाऊन या, मुख्याध्यापकांकडून संचमान्यतेची प्रत आणि अवैध आधारची यादी घ्या, आणि मामांना ते कोणत्या तारखेपासून कामावर आहेत ते विचारून एका कागदावर लिहून ठेवा.